मूठ का सुटते?

लोहाराने घडवलेला विळा, कोयता, खुरपे किंवा सुरी तुमच्या घरी असेलच. अशा हत्याराचे पाते नीट निरखून पाहा. बहुधा ते अजून दहा वर्षे सहज टिकेल असे असते. मग ते हत्यार अडगळीत का पडते? मूठ खुळखुळू लागते म्हणून! खुळखुळणाऱ्या मुठीचे हत्यार बोथट हत्यारापेक्षा जास्त धोक्याचे असते. बोथट सुरीने फार तर भाजी नीट चिरली जाणार नाही. पण जोरात फिरवलेल्या कोयत्याचे पाते मुठीतून निसटले, तर ते कोठे जाऊन लागेल याचा नेम नाही.

अशी मूठ पुन्हा बसवण्यासाठी लोक नाना उपाय करतात. कोणी भोकात लाकडाची पाचर ठोकतो, कोणी चिंधी कोंबतो, कोणी दुकानातून दोन नळ्यांचा एपॉक्सी गोंद आणून ओततो. महिना दोन महिने बरे जातात आणि मूठ पुन्हा सुटते. ‘गोंदच निकृष्ट होता’ असे म्हणून आपण मोकळे होतो. खरेच गोंद निकृष्ट असतो का? आपण जरा हिशेब करून पाहू.

गोंद पुरेसा बळकट आहे का?

मुठीत शिरणाऱ्या पात्याच्या निमुळत्या भागाला आपण ‘शेपटी’ म्हणू. समजा, एका कोयत्याची शेपटी १० मि.मी. रुंद, ५ मि.मी. जाड आणि ८० मि.मी. लांब आहे. तिच्या चारही बाजू मिळून गोंद लागण्याची जागा झाली ३० गुणिले ८०, म्हणजे २४०० चौरस मि.मी. चांगल्या एपॉक्सीचा नीट केलेला जोड प्रत्येक चौरस मि.मी.मागे निदान १० न्यूटन ओढ सहन करतो. तेव्हा आपला जोड सुटायला २४,००० न्यूटन बल लागले पाहिजे.

आता पाते किती बलाने बाहेर निसटू पाहते, ते काढू. पात्याचे वस्तुमान ४०० ग्रॅम, हात फिरतो त्या वर्तुळाची त्रिज्या अर्धा मीटर आणि पात्याचा वेग सेकंदाला १० मीटर धरा. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. उत्तर येते ८० न्यूटन, म्हणजे सुमारे ८ किलोच्या वजनाइतके.

एकीकडे २४,००० आणि दुसरीकडे ८०! जोड गरजेपेक्षा तीनशे पट बळकट असायला हवा. घाव बसताना पात्याला जे हिसके बसतात, तेही जमेस धरले तरी हिशेबात पुष्कळ शिल्लक उरते. तरीही मूठ सुटते. तेव्हा चूक गोंदाच्या बळकटीत नसून दुसरीकडेच कोठेतरी आहे.

गोंद लोखंडाला शिवतो का?

चिकटणे म्हणजे काय? एका पदार्थाचे रेणू दुसऱ्या पदार्थाच्या रेणूंना आकर्षून धरतात, यालाच आसंजन म्हणतात. हे आकर्षण फार आखूड पल्ल्याचे असते. रेणूंमधले अंतर एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास गेले, की ते जवळजवळ संपते. म्हणून गोंद लोखंडाच्या अगदी अंगाला भिडला तरच चिकटणार. मध्ये तेलाचा पातळसा थर असेल, तर गोंद तेलाला चिकटतो आणि लोखंड कोरडेच राहते. बोटाचा एक ठसासुद्धा या पल्ल्याच्या मानाने जाडजूड गोधडीसारखा असतो.

द्रव पदार्थ घन पृष्ठभागावर पसरतो की थेंब होऊन बसतो, याचे गणित इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग याने १८०५ साली मांडले. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. स्पर्शकोन लहान असेल तर द्रव पसरला असे समजावे, आणि मोठा असेल तर थेंब फुगून बसला असे समजावे. साधारण नियम असा, की घन पृष्ठभागाची पृष्ठऊर्जा द्रवाच्या पृष्ठताणापेक्षा जास्त असली, तर द्रव पसरतो. मिलिन्यूटन प्रति मीटर या एककात पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ आणि एपॉक्सीचा सुमारे ४५ असतो. स्वच्छ धातूच्या पृष्ठभागासाठी हा आकडा कित्येक शेकड्यांत जातो. पण तेलकट पृष्ठभागासाठी तो ३०च्या आसपास येतो. म्हणजे एपॉक्सी स्वच्छ लोखंडावर आनंदाने पसरेल आणि तेलकट लोखंडावर आक्रसून बसेल.

आता लोहाराकडून पाते आपल्या हाती कसे येते ते आठवा. पुष्कळदा ते तापवून तेलात विझवलेले असते. गंज चढू नये म्हणून वरून तेलाचा हात दिलेला असतो. शेपटीवर तापवण्यातून आलेली काळी खपली असते. अशा शेपटीवर गोंद ओतणे म्हणजे धुळीने भरलेल्या भिंतीवर कागद चिकटवण्यासारखे आहे. कागद धुळीला चिकटतो आणि धुळीसकट गळून पडतो.

प्रयोग १ : पत्र्याची जुनी पट्टी घ्या. तिचा अर्धा भाग साबणाने व पॉलिश पेपरने स्वच्छ घासा आणि उरलेल्या अर्ध्या भागाला खोबरेल तेलाचे बोट लावून फडक्याने पुसून टाका. दोन्ही अर्धे आता डोळ्यांना सारखेच दिसतील. पट्टी तिरपी धरून तिच्यावर स्वच्छ पाणी ओता. एका भागावर पाण्याचा सलग पडदा टिकेल, दुसऱ्यावर तो फाटून थेंब होतील. कारखान्यांतही धातू जोडण्यापूर्वी हीच कसोटी वापरतात.

लाकूड स्वस्थ बसत नाही

लोखंडाची बाजू झाली. आता लाकडाकडे वळू. लोखंड तापले की प्रसरण पावते, म्हणून उन्हात मूठ सैल होत असेल, असे पुष्कळांना वाटते. १०० मि.मी. लांबीचे पोलाद ३० अंश सेल्सिअसने तापले, तर ते सुमारे ०.०३६ मि.मी.ने वाढते. ही वाढ तुमच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी आहे. खरा खोडकर आहे तो ओलावा.

लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि फुगते. कोरड्या हवेत तो सोडून देते आणि आकसते. हे फुगणे तंतूंच्या लांबीच्या दिशेने नगण्य असते, पण आडव्या दिशेने चांगलेच जाणवते. ओलावा १ टक्क्याने वाढला, की लाकूड आडवे साधारण ०.२ ते ०.३ टक्के फुगते. वैशाखातल्या कोरड्या हवेपासून श्रावणातल्या दमट हवेपर्यंत ओलाव्यात ६ टक्क्यांचा फरक पडला, तर ३० मि.मी. रुंदीची मूठ जवळजवळ अर्धा मि.मी. फुगते. लोखंड मात्र ओलाव्याने मुळीच फुगत नाही. दरवर्षी असा एक सोहळा जोडाच्या आत चालतो.

येथेच एका जुन्या युक्तीचा विचार केला पाहिजे. कुऱ्हाडीचा दांडा किंवा कुदळीची मूठ सैल झाली, की ती रात्रभर पाण्यात भिजत घालतात. सकाळी ती अगदी घट्ट बसलेली असते. युक्ती खरी आहे, पण फसवी आहे. लाकूड फुगते तेव्हा लोखंड त्याला जागा देत नाही. लाकडातल्या नळीसारख्या पेशी लोखंडावर दाबल्या जाऊन चिरडतात. पुढे लाकूड वाळते आणि आकसते, पण चिरडलेल्या पेशी पुन्हा उभ्या राहत नाहीत. परिणामी भोक पहिल्यापेक्षा मोठे होते. पुन्हा भिजवावे, पुन्हा पेशी चिरडाव्यात, असे चक्र सुरू होते.

प्रयोग २ : एक लोखंडी नट घ्या. वाळलेल्या लाकडाची खुंटी तासून ती नटात जेमतेम घट्ट बसेल अशी करा. ती नटासकट रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी ती हाताने हलणार नाही. आता ती आठवडाभर सावलीत वाळवा. नट हलवून पाहा. खुंटी बहुधा पहिल्यापेक्षा सैल झालेली आढळेल. दुसरी तशीच खुंटी न भिजवता शेजारी ठेवायला विसरू नका. तुलनेला काही नसले तर प्रयोग अपुरा राहतो.

पूर्वी काय करीत?

लोखंड आणि लाकूड यांचा संसार जुळवण्याचा प्रश्न काही आजचा नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती तापवून मोठी करतात, चाकावर बसवतात आणि वर पाणी ओततात. धाव आकसते व चाक आवळून धरते. गोंदाचा थेंबही लागत नाही.

तलवारीच्या बाबतीत वेगळी रीत होती. आपल्याकडील पुष्कळ जुन्या तलवारींची धातूची मूठ लाखेने बसवलेली आढळते. पोकळ मुठीत वितळलेली लाख भरून तीत पात्याची शेपटी खुपसत. लाख ही झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या एका किड्यापासून मिळणारी राळ आहे. ती ८० अंशांच्या आसपास मऊ होते आणि थंड झाली की दगडासारखी होते. पाते बदलायचे असेल तर मूठ गरम केली की काम भागे. पण लाख ठिसूळ असते. घाव बसत राहिले की तिला तडे जातात.

एपॉक्सी हे यापुढचे पाऊल. स्वित्झर्लंडचे रसायनशास्त्रज्ञ प्येर कास्तां हे दातांच्या कवळ्यांसाठी उपयोगी पडेल अशी राळ शोधत होते. त्यांनी १९३८ साली या रसायनाचे पेटंट मागितले. पुढे दातांऐवजी धातू, लाकूड, काच असे काहीही जोडण्यासाठी त्याचा जगभर उपयोग झाला. लाकडाला धातू चिकटवण्याचा प्रश्न विमानबांधणीतही आला होता. इंग्लंडमध्ये डक्सफर्ड येथे १९४१ साली तयार झालेला ‘रिडक्स’ हा वेगळ्या प्रकारचा गोंद वापरून ‘हॉर्नेट’ या विमानात लाकूड व ॲल्युमिनियमची मिश्रधातू जोडली गेली. तेथेही धातू आधी आम्लाच्या द्रावणात धुऊन घ्यावी लागे.

सुटलेला जोड काय सांगतो?

दुरुस्तीपूर्वी सुटलेला जोड तपासा. गुन्ह्याच्या जागी जसे ठसे शोधतात, तसा येथे गोंद कोठे राहिला ते पाहायचे.

लोखंड लख्ख आणि सगळा गोंद लाकडाकडे असेल, तर लोखंड तेलकट किंवा फार गुळगुळीत होते. गोंद दोन्हीकडे आहे, पण बोटाला चिकट किंवा रबरासारखा लागतो, तर मिश्रणाचे प्रमाण चुकले. गोंदाबरोबर लाकडाचे तंतू उपटून आले असतील, तर गोंदाने काम चोख केले. लाकूडच आधी फाटले. गोंदात बुडबुड्यांची भोके असतील, तर हवा अडकली होती. आणि गोंदावर काळी भुकटी दिसली तर? पुष्कळ ठिकाणी शेपटी लाल तापवून मुठीत जाळत बसवतात. भोक अगदी मापाचे होते हे खरे, पण त्याच्या भिंतीवर कोळशाचा थर राहतो. गोंद कोळशाला धरतो आणि कोळसा लाकडाला सोडतो.

शेपटीऐवजी पात्याच्या रुंद पट्टीवर लाकडाच्या दोन पट्ट्या बसवलेल्या सुरीत आणखी एक शत्रू असतो. फटीत पाणी शिरते व लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि पट्ट्यांना आतून ढकलतो.

मूठ पुन्हा बसवणे

हे काम शाळेच्या कार्यशाळेत शिक्षकांसमोर किंवा घरी मोठ्या माणसांबरोबरच करा. सर्वांत आधी पात्याला जाड पुठ्ठा व फडके गुंडाळून वरून चिकटपट्टीने बांधून टाका. हातमोजे घाला. एपॉक्सी वारंवार कातडीला लागले, तर कायमची ॲलर्जी होऊ शकते.

१. जुना जोड सोडवणे. मूठ विस्तवावर धरू नका. धारेच्या पोलादाला सुमारे २०० अंशांच्या वर उष्णता लागली, तर त्याचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. फक्त पात्याचा भाग उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवा, मूठ पाण्याबाहेर राहू द्या. उष्णता पोलादातूनच शेपटीपर्यंत पोचते. लाख आणि घरगुती एपॉक्सी या दोन्ही उष्णतेने मऊ होतात. या वेळी पुठ्ठा काढावा लागेल, म्हणून हे काम मोठ्या माणसानेच करावे आणि लगेच पाते पुन्हा गुंडाळावे.

२. लाकूड. भोकातला जुना गोंद आणि काळा कोळसा खरवडून ताजे लाकूड दिसू द्या. मूठ आठवडाभर सावलीत वाळवा. साग आणि शिसवीच्या लाकडात स्वतःचे तेल असते. गोंद लावण्याच्या जरा आधी त्यांना ॲसिटोनचे फडके फिरवा. ॲसिटोन पेटते, तेव्हा जवळ चूल किंवा निरांजन नको.

३. लोखंड. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी साबणाने धुऊन तेल काढा, मग घासा. उलटे केले तर तेल ओरखड्यांच्या आत भरले जाते. ८० ते १०० नंबरचा पॉलिश पेपर आडवा-उभा फिरवा. खरखरीत पृष्ठभागाला गोंद लागण्याची जागा अधिक मिळते. कानशीने शेपटीच्या कडांना दोन-तीन खाचा पाडल्या तर उत्तमच. खाचेत भरलेला गोंद कुलपातल्या खटक्यासारखा अडतो. मग पाण्याची कसोटी घ्या, लगेच कोरडे करा, ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका.

४. कोरडी बसवण. गोंद लावण्यापूर्वी सर्व भाग एकदा जुळवून पाहा. शेपटीभोवती थोडी जागा हवी. जागाच नसली तर गोंद बाहेर ढकलला जातो. फार जागा असेल तर गोंदात लाकडाचा बारीक भुसा मिसळून ती भरा.

५. मिश्रण. एपॉक्सीच्या एका नळीत राळ असते, दुसरीत हार्डनर. राळेच्या रेणूला जणू दोन हात असतात आणि हार्डनरचा रेणू ते हात धरून मोठी जाळी विणतो. फुगडीला जोडीदार हवा, तसे प्रत्येक हाताला हात हवा. लवकर वाळावे म्हणून हार्डनर जास्त घातला, तर जोडीदार न मिळालेले रेणू मोकळे राहतात आणि गोंद मऊ राहतो. वेष्टनावर लिहिलेले प्रमाणच घ्या आणि रंग एकसारखा होईपर्यंत, निदान दोन मिनिटे, ढवळा.

६. बसवणे. गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावा. भोकात तो काडीने तळापासून वर भरत या, म्हणजे हवा बाहेर पडेल. शेपटी हलकेच गोल हलवत आत ढकला. पट्ट्यांची मूठ असेल तर शिकंजा बेताचा आवळा. जास्त आवळला तर सगळा गोंद बाहेर येतो आणि जोड उपाशी राहतो! बाहेर आलेला गोंद लगेच पुसा.

७. वाट पाहणे. ‘पाच मिनिटांत घट्ट’ असे लिहिले असले, तरी पूर्ण बळ यायला साधारण एक दिवस द्या. थंडीच्या दिवसांत त्याहून जास्त. तापमान १० अंशांनी उतरले, की रासायनिक क्रियेचा वेग सुमारे निम्मा होतो.

रिव्हेट कशासाठी?

प्रयोग ३ : पोस्टकार्डाच्या चार पट्ट्या कापा. दोन-दोन पट्ट्यांची टोके २ सें.मी. एकमेकांवर ठेवून खळीने चिकटवा व वाळवा. पहिली जोडी लांबीच्या दिशेने ओढा. दुसऱ्या जोडीचे एक टोक धरून केळे सोलतो तसे सोला. पहिल्या जोडीत बल सर्व जागेवर वाटले जाते. दुसरीत ते एका रेषेवर एकवटते, आणि ती रेषा पुढे सरकत जाते. खळ तीच, जागाही तीच, पण सोलताना ती सहज सुटते.

सुरी खाली पडते किंवा तिने काही उचकटले जाते, तेव्हा मुठीच्या पट्ट्यांवर असेच सोलणारे बल येते. म्हणून ३ मि.मी. जाडीच्या पितळी सळईचे दोन-तीन रिव्हेट आरपार बसवावे. रिव्हेट पट्ट्यांना सोलू देत नाही. गोंद पाण्याला आत येऊ देत नाही. पुष्कळ विळ्यांत शेपटीचे टोक मुठीच्या पार बाहेर काढून वळवलेले असते. तेथेही कल्पना तीच. गोंदाने दगा दिला, तरी पाते सुटून जाऊ नये.

सर्व झाल्यावर लाकडाला जवसाचे तेल चोळा, म्हणजे ओलाव्याची ये-जा मंदावेल. तेल लावलेली चिंधी बोळा करून टाकू नका. जवसाचे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता देते आणि बोळ्यात ती कोंडून चिंधी पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवा.

शेवटी परीक्षा. पाते गुंडाळलेलेच ठेवून मूठ घट्ट धरा आणि चहूकडे हिसके द्या. बारीकसा टक्‌ आवाज आला तरी काम पुन्हा करायचे. मग जोडावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब जागच्या जागी राहिला तर ठीक. तो हळूच आत ओढला गेला, तर तेथे फट आहे असे समजा. केशाकर्षणाने ती तुम्हांला दाखवून दिली.

शिक्षकांना एक सूचना. वर्गातील मुलांना आपापल्या घरच्या हत्यारांची पाहणी करायला सांगावे. किती मुठी सैल आहेत, लाकूड कोणते, जोड कोणत्या पद्धतीचा आणि सुटलेल्या जोडात गोंद कोठे राहिला, याचा तक्ता करावा. जमल्यास गावातल्या लोहाराला हा तक्ता दाखवावा आणि तो मूठ कशी बसवतो, तशीच का बसवतो, हे त्याच्याकडून ऐकून घ्यावे. तक्त्यात अजून एक रकाना तेव्हा नक्कीच वाढेल.